इतिहासाचे साक्षीदार : काही अलीकडील ग्रंथांच्या निमित्ताने

एखाद्या मोठ्या खटल्याचे निकालपत्र हाती आले, तर जाणता वाचक प्रथम त्याची भाषा पाहात नाही. साक्षीदार कोण कोण तपासले, आणि ज्याला सर्वांत अधिक ठाऊक होते त्यास बोलावणे गेले होते की नाही, हे तो पाहतो. निकाल कितीही सुबोध असला, तरी मुख्य साक्षीदार दाराबाहेर बसून राहिला असेल, तर त्या निकालावर पुनर्विचाराची मागणी करावीच लागते. इतिहासग्रंथ वाचतानाही हीच रीत पाळावी असे मला वाटते. ग्रंथ रंजक आहे काय, ग्रंथकाराचे मत आपणास रुचते काय, हे प्रश्न मागाहूनचे. पहिला प्रश्न असा की, या ग्रंथात कोणाची साक्ष झाली, ती कोणत्या भाषेत झाली, आणि कोणाची व्हावयास हवी असून झाली नाही?

हा प्रश्न आज विशेष निकडीचा झाला आहे, याचे कारण गेल्या दहापंधरा वर्षांत हिंदुस्थानच्या इतिहासावर सामान्य वाचकांसाठी इंग्रजीत लिहिलेल्या ग्रंथांचा सुकाळ झाला आहे. पूर्वी असे ग्रंथ विद्यापीठांच्या कपाटांत बंद असत. आता ते सुशिक्षित कुटुंबांच्या दिवाणखान्यात दिसतात, वाढदिवसास भेट म्हणून दिले जातात, आणि घरातील तरुण मुलेमुली त्यांवर वाद घालतात. ही गोष्ट आनंदाची आहे, यात संशय नाही. परंतु अठराव्या शतकाविषयी ज्या मराठी घरात असा ग्रंथ वाचला जातो, त्या घराची स्थिती इतर वाचकांहून थोडी निराळी आहे. त्या शतकातील एक प्रमुख पक्षकार त्याच्याच भाषेत बोलत होता, लिहीत होता, आणि त्याचे कागद पुष्कळसे शाबूत आहेत. म्हणून या ग्रंथांपैकी काही निवडक घेऊन त्यांची वरील कसोटीवर परीक्षा करण्याचा येथे विचार आहे.

प्रथम प्रा. नंदिनी दास यांचा ‘कोर्टिंग इंडिया’ हा २०२३ साली निघालेला ग्रंथ घेऊ. त्यास त्याच वर्षी ब्रिटिश अकादमीचे पारितोषिक मिळाले. विषय सर टॉमस रो याच्या वकिलातीचा आहे. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने रो यास जहांगीर बादशहाकडे वकील म्हणून पाठविले. खर्च मात्र ईस्ट इंडिया कंपनीने सोसावयाचा होता. १६१५ च्या सप्टेंबरात तो सुरतेस उतरला आणि १६१९ च्या आरंभी परत फिरला. आमच्या पिढीने ही कथा शाळेत दोन ओळींत वाचली : रो आला, बादशहास भेटला, व्यापाराची सवलत मिळाली, आणि पुढे इंग्रजांचे राज्य झाले. जणू काय पुढील दोनशे वर्षे रो याच्या पेटाऱ्यात बांधूनच आली होती! दासबाईंनी ही समजूत मुळापासून हलविली आहे. त्यांच्या ग्रंथात दिसणारा रो हा साम्राज्याचा अग्रदूत नव्हे. कर्जाने गांजलेल्या एका लहान राजाचा तो प्रतिनिधी. सतत आजारी, दरबारी रीतीरिवाजांनी गोंधळलेला, आणि आपण आणलेल्या नजराण्यांच्या किरकोळपणाने ओशाळलेला. त्याच्याजवळील एका लघुचित्राच्या नकला बादशहाने आपल्या चित्रकाराकडून करविल्या आणि मूळ कोणते ते ओळखावयास सांगितले, तेव्हा रो याची चांगलीच पंचाईत झाली.

परंतु या ग्रंथातील सर्वांत बोलकी साक्ष ही एका मौनाची आहे. रो याच्या रोजनिशीत पानोपान जहांगीर आहे. जहांगीराच्या आत्मचरित्रात मात्र रो याचा नामोल्लेखही नाही. जहांगीर हा काही बेफिकीर लेखक नव्हे. सारस पक्ष्यांची जोडी, निरनिराळ्या प्रांतांतील फळांची गोडी, हत्तींचे स्वभाव, सर्व काही टिपून ठेवणारा तो चिकित्सक पुरुष होता. त्याला इंग्लंडचा वकील नोंद घेण्याजोगा वाटला नाही! केवळ इंग्रजी कागदांवरून इतिहास लिहिला असता, तर ही वकिलात त्या काळातील मोठी घटना ठरली असती. फारसी ग्रंथ समोर ठेवताच तिचे खरे माप कळते. दुसऱ्या पक्षाचा साक्षीदार काही न बोलतादेखील किती उपयोगी पडतो, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

आता दुसरा ग्रंथ, आणि तोच आपल्या प्रस्तुत विषयाचा गाभा आहे. विल्यम डॅलरिम्पल यांचा ‘दि अ‍ॅनार्की’ हा २०१९ साली प्रसिद्ध झाला. १५९९ साली लंडनमध्ये व्यापाऱ्यांची सभा भरली तेथपासून १८०३ साली लॉर्ड लेकच्या फौजेने दिल्ली घेतली तेथपर्यंतची कंपनीची कथा त्यात आहे. ग्रंथकाराचा मुख्य सिद्धांत स्पष्ट आहे : हिंदुस्थान इंग्लंड देशाने जिंकला असे आपण म्हणतो, परंतु प्रत्यक्षात तो एका खाजगी मंडळीने, भागधारकांच्या नफ्यासाठी जिंकला. १७६५ साली अलाहाबादेस शाह आलम बादशहाकडून बंगालची दिवाणी मिळाली; १७७० साली त्याच प्रांतात भयंकर दुष्काळ पडला; आणि त्यानंतर तीनच वर्षांनी कंपनीस दिवाळ्यातून वाचविण्यासाठी ब्रिटिश पार्लमेंटास कर्ज द्यावे लागून तिच्या कारभारावर नियंत्रणाचा कायदाही करावा लागला. या तीन घटना ग्रंथकाराने अशा रीतीने एकामागून एक ठेवल्या आहेत की, वाचकाच्या मनात संताप उत्पन्न करण्यास निराळ्या विशेषणांची गरज राहात नाही. निवेदनाची ही हातोटी असामान्य आहे, आणि ती पाहून आमच्या विद्यापीठांतील रूक्ष प्रबंधकारांनी काही शिकावे अशी आहे.

या ग्रंथाचे दुसरे श्रेय असे की, त्याने केवळ इंग्रजी दफ्तरावर भिस्त ठेवली नाही. सैयद गुलाम हुसेन खान याचा ‘सियर-उल-मुताखरीन’, फकीर खैरुद्दीन अलाहाबादी याचा ‘इब्रतनामा’ इत्यादी फारसी ग्रंथांची साक्ष ग्रंथकाराने मुबलक घेतली आहे. त्यामुळे शाह आलम हा पूर्वीच्या इंग्रजी इतिहासांत केवळ नामधारी बाहुले म्हणून येत असे, तो येथे हाडामांसाचा मनुष्य होऊन येतो. या कामी ग्रंथकारास ब्रूस वॉनेल या फारसीच्या जाणकार मित्राचे साह्य झाले. जुने फारसी ग्रंथ वाचावयाचे आणि त्यांचा आशय इंग्रजीत उतरवावयाचा, हे काम वॉनेल यांनी केले. ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी; पुढे तिचे प्रयोजन आहे.

मराठे या ग्रंथात आहेत काय? आहेत. नाना फडणीस आहे, महादजी शिंदे आहे, १७७९ सालच्या वडगावच्या तहाची कथा आहे. परंतु मराठ्यांविषयी जे कळते ते बहुतेक दुसऱ्यांच्या तोंडून कळते. फारसी लेखकाने त्यांस बाहेरून पाहिले, इंग्रज वकिलाने छावणीच्या कडेने पाहिले. मराठा स्वतः मात्र क्वचितच बोलतो. याचा परिणाम काय होतो ते एका उदाहरणाने सांगतो. १७७२ च्या आरंभी मराठ्यांनी शाह आलमास दिल्लीच्या तख्तावर नेऊन बसविले. १७८८ साली गुलाम कादराने त्याच बादशहाचे डोळे काढले, आणि महादजीच्या फौजेने दिल्ली परत घेऊन पुढे त्या क्रूरकर्म्यास देहांताची शिक्षा दिली. फारसी बखरकाराच्या दृष्टीने ही बादशाही घराण्याची शोकांतिका आहे, आणि ती हृदयद्रावक आहे यात शंका नाही. परंतु महादजीच्या बाजूने पाहिले, तर त्याच वर्षांची कथा ही मुख्यतः पैशाची कथा आहे. फौजेचा पगार थकला आहे, जयपुरावरील मोहीम फसली आहे, पुण्याहून मदत येत नाही, हिशेबाची विचारणा मात्र येते; आणि नाना व महादजी यांच्यातील हा हिशेबाचा वाद १७९४ साली वानवडीस महादजीचा अंत होईपर्यंत पुरता मिटत नाही. ही बाजू मराठी पत्रांत आहे. दिल्लीच्या दरबारी मराठ्यांचे वकील असलेल्या हिंगण्यांचे दफ्तर छापलेले आहे. पारसनिसांनी काढलेली ‘दिल्ली येथील मराठ्यांची राजकारणे’ छापलेली आहेत. रोजची बातमी, रोजची ओढाताण आणि रोजचा खर्च त्यांत नोंदलेला आहे.

यावर कोणी म्हणेल, ही मराठी अभिमानाची तक्रार झाली. परक्या ग्रंथकाराने आमची वाहवा केली नाही, एवढेच दुःख. तसे नाही. मराठी साक्ष घेतली असती, तर डॅलरिम्पल यांचा सिद्धांत कमजोर न होता उलट बळकट झाला असता. कंपनीच्या विजयाचे एक मोठे कारण ते असे देतात की, हिंदी सावकारांची पत कंपनीच्या पाठीशी उभी राहिली. बंगालचे जगतशेठ असोत वा इतर पेढ्या असोत, ज्याच्या शिपायास पगार वेळेवर मिळे त्याच्याकडे शिपाई राही. आता या कारणाची दुसरी बाजू पहा. थोरल्या बाजीरावाने धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींस लिहिलेली पत्रे पाहिली, तर रणांगणावर कोणासही हार न जाणारा हा पुरुष सावकारांपुढे किती लीन झाला होता ते दिसते. कर्ज काढून मोहीम, मोहिमेतून खंडणी, खंडणीतून जुन्या कर्जाची फेड, आणि पुन्हा नवे कर्ज : हे रहाटगाडगे तेव्हापासून महादजीपर्यंत चालू आहे. कंपनीस बंगालचा वसूल कायमचा हाती आला. मराठ्यांस तो प्रत्येक वर्षी घोड्यावर बसून गोळा करावा लागला. एकाची पत वाढत गेली, दुसऱ्याची जिरत गेली. हे सत्य मराठी कागदांत जितके उघडे पडते तितके फारसीत किंवा इंग्रजीत पडत नाही. म्हणजे येथे उणीव राहिली ती मराठ्यांच्या कौतुकाची नव्हे, एका महत्त्वाच्या पुराव्याची.

तथापि न्याय दोन्ही बाजूंनी व्हावयास पाहिजे. आपले कागद जसे इतरांनी वाचावे, तसे इतरांचे आपणही वाचावे. १७४२ पासून १७५१ पर्यंत नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगाल प्रांतात शिरत राहिल्या. आमच्या पाठ्यपुस्तकांत ही ‘बंगालवरील स्वारी’ होय. भास्करराम कोल्हटकरास १७४४ साली अलिवर्दी खानाने भेटीस बोलावून दगा दिला, ही त्यातील दुःखाची गोष्ट. आणि १७५१ साली ओरिसा प्रांताचा वसूल व बारा लक्ष रुपये चौथाई मिळाली, हा शेवट. परंतु याच घटनांवर गंगाराम नावाच्या बंगाली कवीने ‘महाराष्ट्र पुराण’ म्हणून काव्य लिहिले आहे. नावावरून आपण हर्षित व्हावे, तर आत गावे जळत आहेत, माणसे मुलेबाळे घेऊन पळत आहेत, आणि स्त्रियांवर अत्याचार होत आहेत. बारगीर या आमच्या शब्दाचा तिकडे ‘बर्गी’ झाला, आणि मुलास निजविताना बंगाली आई आजही त्याच बर्गीचे भय घालते. कलकत्त्याच्या इंग्रजांनी याच भयाने शहराभोवती खंदक खणला, त्यास मराठा खंदक असे नाव पडले. डॅलरिम्पल यांनी बंगाल्याची ही साक्ष घेतली आहे, आणि ती घेतली हे योग्यच केले. मराठी वाचकास ती कडू लागेल. पण कडू लागते म्हणून साक्ष खोटी ठरत नाही. हिशेबाच्या कागदात ‘चौथाई’ हा एक आकडा असतो. तो कसा वसूल झाला हे ज्याच्याकडून वसूल झाला त्यासच विचारले पाहिजे.

तिसरा ग्रंथ रिचर्ड ईटन यांचा ‘इंडिया इन द पर्शियनेट एज’. तोही २०१९ सालचाच. परंतु प्रकृतीने अगदी निराळा. कथानकाचा वेग येथे नाही. त्याऐवजी सुमारे आठशे वर्षांचा, म्हणजे इसवी सन १००० पासून १७६५ पर्यंतचा, एक विस्तृत पट आहे. या कालखंडास ‘मुसलमानी अंमल’ म्हणण्याची जी वहिवाट आहे, ती ईटन यांस मान्य नाही. त्यांचे म्हणणे असे की, या काळी जे पसरले ते धर्मापेक्षा एक दरबारी संस्कृती म्हणून पसरले. फारसी ही तिची भाषा, आणि तिचे शिष्टाचार हिंदू राजांनी व कारभाऱ्यांनीही उचलले. संस्कृताचे जसे एक विशाल जग होते, तसेच हे फारसीचे जग, आणि दोन्ही शतकानुशतके एकमेकांत मिसळत राहिली.

या सिद्धांताविषयी वाद पुष्कळ होतील. परंतु मराठी मनुष्यास त्याच्या पुराव्यासाठी फार दूर जावयास नको. वकील, दफ्तर, हवालदार, जमीन, शिपाई, फडणीस, चिटणीस : आपला सारा कारभार याच शब्दांनी चालला. ज्या पदाच्या नावाने पुण्याचे राज्य ओळखले जाते तो ‘पेशवा’ शब्दही फारसीच. आणि या प्रवाहाविरुद्ध झालेला प्रयत्नही मराठीतच नोंदला गेला आहे. शिवछत्रपतींच्या प्रेरणेने रघुनाथपंतांनी ‘राज्यव्यवहारकोश’ रचून फारसी संज्ञांच्या जागी संस्कृत संज्ञा योजिल्या. राजवाड्यांनी तर निरनिराळ्या काळच्या मराठी पत्रांतील शब्द प्रत्यक्ष मोजून फारसी शब्दांचे प्रमाण पुढे पुढे कसे घटत गेले ते दाखविले. म्हणजे स्वीकार आणि विरोध या दोहोंची साक्ष आमच्या पत्रव्यवहारातच आहे. ईटन यांचा दख्खनशी परिचय जुना आहे. २००५ सालच्या आपल्या दख्खनविषयक ग्रंथात त्यांनी ताराबाई आणि तुकाराम यांस स्वतंत्र प्रकरणे दिली होती. या नव्या ग्रंथात मात्र पट इतका मोठा झाला आहे की, दरबारापासून दूर, पंढरीच्या वाटेवर जी मराठी घडत होती, तिला कडेला सरावे लागले. दरबाराची भाषा कोणती हे कळले. रयतेचे काय, हा प्रश्न उरतो.

येथपर्यंतच्या विवेचनावरून वाचकाच्या मनात सहजच येईल की, असे असेल तर एकाच मनुष्याने फारसी, मराठी, बंगाली आणि इंग्रजी या सर्व भाषांतील कागद कसे वाचावयाचे? हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर दोन अलीकडील ग्रंथांत सापडते, आणि ते ग्रंथ इतिहासाविषयी नसून इतिहासकारांविषयी आहेत, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. पहिला प्रा. दीपेश चक्रवर्ती यांचा ‘द कॉलिंग ऑफ हिस्टरी’ (२०१५), आणि दुसरा टी. सी. ए. राघवन यांचा ‘हिस्टरी मेन’ (२०२०). पहिल्याचे लेखक विद्यापीठातील तत्त्वचिंतक, दुसऱ्याचे लेखक परराष्ट्र खात्यातील निवृत्त मुत्सद्दी. परंतु दोघांच्याही केंद्रस्थानी तीच मैत्री आहे : सर जदुनाथ सरकार आणि रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांची. राघवन यांनी तिच्यात माळव्यातील सीतामऊचे राजपुत्र रघुवीर सिंह यांची जोड दिली आहे. त्यांनी आपल्या संस्थानात दुर्मीळ हस्तलिखितांचे मोठे ग्रंथालय उभारले.

सरकार बंगाली, सरदेसाई कोकणात जन्मलेले आणि बडोद्याच्या नोकरीत आयुष्य घालविलेले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सुरू झालेला त्यांचा पत्रव्यवहार सुमारे अर्धशतक चालला. सरकारांनी फारसीत प्रावीण्य मिळविले होतेच; मराठ्यांचा इतिहास मराठीवाचून लिहिता येणार नाही हे ओळखून त्यांनी मराठीचा अभ्यास केला. जेथे अडले तेथे सरदेसाई होते. आणि सरदेसायांस फारसी साधनांत अडले तर सरकार होते. पुण्याच्या पेशवे दफ्तराची दारे सरकारने कित्येक वर्षे संशोधकांस बंद ठेविली होती. ती किंचित उघडली तेव्हा निवडीचे काम सरकारांच्या शिफारशीने सरदेसायांकडे आले, आणि १९३० पासून पुढील चार वर्षांत ४५ खंड बाहेर पडले. पुण्यातील संशोधकांस ही निवड रुचली नाही. तो वाद, त्यातील मानापमान आणि कागद प्रथम कोणाच्या हाती पडावा याची चुरस चक्रवर्तींनी निःपक्षपाताने वर्णिली आहे. सरकारांचा एकच ध्यास, म्हणजे अस्सल कागद शोधून सत्य सिद्ध करावयाचे, तो पुढील पिढीच्या प्राध्यापकांस भाबडा वाटू लागला आणि त्यांचे नाव विद्यापीठांत मागे पडले. या विस्मरणाचीही चक्रवर्तींनी मार्मिक मीमांसा केली आहे.

परंतु मला या दोन्ही ग्रंथांत अधिक मोलाची वाटली ती दुसरीच गोष्ट. परक्या भाषेचा साक्षीदार मैत्रीने बोलावता येतो, हा तो धडा होय. सरकारांस सरदेसाई मिळाले, सरदेसायांस सरकार मिळाले; आपल्या काळी डॅलरिम्पल यांस फारसीकरिता वॉनेल मिळाले. मराठीकरिता त्यांस कोण मिळणार होते? हा प्रश्न त्यांस विचारण्यापूर्वी आपण आपणासच विचारला पाहिजे. परका लेखक आमचे कागद वाचीत नाही असे म्हणणे सोपे आहे. परंतु ते कागद आम्ही तरी वाचतो काय, आणि इतरांस वाचता यावे अशी काय सोय आम्ही केली आहे?

येथे चौथ्या प्रकारचा ग्रंथ विचारात घ्यावा लागतो. प्राची देशपांडे यांचा ‘स्क्रिप्ट्स ऑफ पॉवर’ हा २०२३ साली निघाला. तो मोडी लिपीचा, आणि ती लिहिणाऱ्या कारकुनांचा इतिहास आहे. राजे आणि लढाया यांवर शेकडो पुस्तके झाली. परंतु ज्याच्या बोरूने राज्य चालत असे त्या कारकुनाकडे आजवर कोणी फारसे पाहिले नव्हते. कागदाची घडी कशी, मायना कसा, मोडी कोठे आणि बाळबोध कोठे, लेखनकौशल्य हे पोटाचे साधन कसे झाले, आणि पुढे छापखान्याने बाळबोध उचलल्यावर मोडी हळूहळू कशी मागे सरली, याचे त्यात बारकाईने निरूपण आहे. ग्रंथ सामान्य वाचकास थोडा कठीण जाईल. पण तो वाचल्यावर दफ्तरातील रुमालाकडे पाहण्याची दृष्टी पालटते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आमच्या शाळांतून मोडी शिकवीत असत. आज आजोबांच्या हातचे जमिनीचे कागद नातवास वाचता येत नाहीत, तेथे पेशवाईचे रुमाल कोण वाचणार? ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि आपण सर्वांनी उत्सव केला. उत्सव उचितच होता. परंतु जिची गेल्या तीन शतकांची हस्ताक्षरे तिच्याच सुशिक्षित मुलांस अपरिचित आहेत, तिच्या वैभवाचा निम्मा भाग कुलूपबंद आहे, हेही त्याच वेळी ध्यानात असावे.

मग आमच्या घरांत हा इतिहास येतो कोठून? प्रामाणिकपणे सांगावयाचे तर कादंबऱ्यांतून. ‘स्वामी’ १९६२ सालची, ‘राऊ’ १९७२ सालची, ‘छावा’ १९७९ सालची, ‘पानिपत’ १९८८ सालची. आणि जे कादंबरीपर्यंत पोचत नाहीत त्यांच्यापर्यंत ‘राऊ’ २०१५ साली आणि ‘छावा’ २०२५ साली चित्रपटरूपाने पोचली. कादंबरीकाराचा यात काही अपराध नाही. त्याने कल्पनेने लिहावे हा त्याचा अधिकार आहे, आणि इतिहासाविषयी आवड उत्पन्न करण्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. परंतु त्र्यंबक शंकर शेजवलकरांचा पानिपतावरील ग्रंथ इंग्रजीत १९४६ साली आणि मराठीत १९६१ साली निघाला असता, तो किती घरांत आहे? उदय कुलकर्णी यांनी, जे व्यवसायाने शल्यचिकित्सक आहेत, ‘सोल्स्टिस अ‍ॅट पानिपत’ (२०११) या ग्रंथात त्याच युद्धाची हकीकत मराठी पत्रांच्या आधारे इंग्रजी वाचकांपुढे मांडली. त्याचा परिचय आमच्या किती मासिकांनी करून दिला? कादंबरीतील संवाद ही साक्ष मानून त्यावर मते बनविण्याची सवय लागली, म्हणजे खऱ्या साक्षीदारास बोलावण्याची गरजच वाटेनाशी होते.

या सवयीचा परिणाम किती दूर जातो ते २००४ च्या जानेवारीत दिसले. एका परदेशी लेखकाच्या पुस्तकातील मजकुराने लोक संतापले, आणि त्या संतापाच्या भरात जमावाने पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला केला. त्या पुस्तकातील आक्षेपार्ह मजकुराचे समर्थन करण्याचे येथे मुळीच कारण नाही. निराधार विधान हे निराधारच, मग ते कोणीही केलेले असो. परंतु निराधार विधानाचे खंडन ज्या साधनांनी व्हावयाचे, ती हस्तलिखिते आणि पोथ्या ज्या वास्तूत होत्या, तीच मोडतोडीस बळी पडावी, याहून मोठा विपर्यास कोणता? ज्याला साक्षीपुरावा वाचता येतो तो उलटतपासणी करतो. ज्याला वाचता येत नाही त्याच्या हाती केवळ राग उरतो.

आमच्या पूर्वीच्या पिढ्यांनी दुसरा मार्ग दाखविला होता. ग्रांट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. त्यातील दोष नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी विद्यार्थिदशेतच सप्रमाण दाखविले, आणि तेही लेखणीने. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापावयास आरंभ करून २२ खंड काढले. मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकविणारे वासुदेवशास्त्री खरे यांनी शिक्षकाच्या पगारात संसार सांभाळून पटवर्धनांच्या दफ्तरातील पत्रे ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’तून बाहेर आणली. १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले. या मंडळींस ग्रांट डफचा राग आला नव्हता असे नाही; चांगलाच आला होता. परंतु त्या रागाचे त्यांनी खंड छापले.

आज करावयाचे काम त्या मानाने सोपे आहे. कागद पुष्कळसे छापून झाले आहेत. छायाचित्रे काढून दूरच्या अभ्यासकास पाठविण्याची साधने हाताशी आहेत. मोडी शिकविणारे वर्गही ठिकठिकाणी भरतात. उणीव आहे ती दोन गोष्टींची. एक, या छापील खंडांतील निवडक पत्रांची टीपांसह विश्वसनीय इंग्रजी भाषांतरे, म्हणजे मराठी न जाणणाऱ्या इतिहासकारास ‘मला मिळाले नाही’ असे म्हणता येऊ नये. दुसरी, आमच्या घरी येणाऱ्या इंग्रजी ग्रंथाशेजारी त्याच विषयाचा एखादा मराठी साधनखंड ठेवून दोन्ही ताडून पाहणारा वाचक. पहिले काम विद्यापीठांचे व संस्थांचे आहे; दुसरे मात्र कोणत्याही सुशिक्षित कुटुंबास करता येईल. ‘दि अ‍ॅनार्की’ अवश्य वाचावा. ‘कोर्टिंग इंडिया’ तर वाचावाच वाचावा. परंतु १७८८ साल आले म्हणजे पुस्तक क्षणभर बाजूस ठेवून, त्या वर्षी दिल्लीहून पुण्यास काय लिहून गेले ते पहावे, आणि १७४२ साल आले म्हणजे बंगाल्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. मग निकाल आपला आपणास देता येईल, आणि तो दुसऱ्याने दिलेल्या निकालाहून अधिक टिकेल.